पाहुण्याचं चाक

पाहुण्याने हबमध्ये सील ठोकलं, ठक ठक ठक, मोजून तीन ठोके, आणि बाबा म्हणाले, "वा."

झालं. एवढंच झालं होतं. पण त्या एका 'वा'ने थोरलीच्या हातातलं बेअरिंग निसटून रॉकेलच्या डब्यात पडलं, आणि रॉकेल उडालं ते तिच्याच तोंडावर.

तुम्ही म्हणाल, एका 'वा'चं काय एवढं? अहो, पण बाबा कोण ते आधी ऐका! बाबा म्हणजे थोरलीचे वडील. गॅरेज त्यांचं, मिस्त्री तेच, आणि जड ट्रकच्या अ‍ॅक्सलचं काम करणारं त्या अख्ख्या रस्त्यावर शटर एकच, यांचं. आणि कौतुकाच्या बाबतीत माणूस असा की जीभ जणू कुणाकडून उसनी आणलीय, वापरली तर झिजेल. थोरली बारा वर्षं त्यांच्या हाताखाली. बारा वर्षांत तिला मिळालं काय? "बरं." "ठीक." "चालेल." आणि एकदा, फक्त एकदा, तिने एकटीने मागचे दोन्ही ड्रम उतरवले तेव्हा, "हं." त्या 'हं'वर ती आठवडाभर हवेत होती. आणि याला, येऊन दीड वर्ष नाही झालं त्याला, थेट 'वा'?

हा म्हणजे धाकटीचा नवरा. आधी कुठल्याशा बस डेपोत होता. तो डेपो बंद पडला आणि सासऱ्यांच्या गॅरेजात आला. पहिल्या दिवशी बाबांनी दारातच हाक मारली, "या पाहुणे!" आणि ते नावच चिकटलं. टायरवाला पाहुणा म्हणतो, ड्रायव्हर पाहुणा म्हणतात, समोरचा वेल्डर तर "पाहुणे, चहा झाला का?" असं रोज ओरडतो. थोरली मनात म्हणायची, पाहुणा पहिल्या दिवशी गोड, तिसऱ्या दिवशी जड, आणि हा बघा, दीड वर्ष झालं, उठायचं नाव नाही!

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? तो कामाला चांगला होता. वाईट असता तर किती सोपं होतं! चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पण पोरगा मन लावून काम करायचा, हत्यारं पुसून जागेवर ठेवायचा, कमी बोलायचा, आणि वर "ताई, तुम्ही बघा ना एकदा" असं इतकं गोड म्हणायचा की थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

त्यात ती पान्याची भानगड.

कसं असतं बघा. ट्रकच्या मागच्या चाकात तेल असतं. ते आत राहावं म्हणून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, आतल्या बाजूने एक सील असतं, गोल, ताटलीएवढं. ते गेलं की तेल बाहेर येतं, आणि येतं ते थेट ब्रेकवर. मग चाक उतरवा, शाफ्टचा दांडा ओढा, हब काढा, बेअरिंगं धुवा, नवीन सील ठोका, हब परत चढवा. इथपर्यंतचं काम कुणीही करेल. मग येतो नट. चाक अ‍ॅक्सलवर धरून ठेवतो तो मोठा नट. तो जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. सैल राहिला तर चाक आत डुलायला लागतं, आणि एक दिवस ट्रक मागे राहतो न् चाक पुढे निघून जातं. या दोन्हींच्या मधली जागा केवढी? हब किती हलतो ते दाखवणाऱ्या डायलच्या काट्यावर तीन रेघांपासून बारा रेघांपर्यंत, आणि एक रेघ म्हणजे केसापेक्षा बारीक. तीनच्या जितकं जवळ, तितकं काम चोख. तर या गॅरेजात तो नट आजपर्यंत फक्त बाबांनी आवळला होता. बाकी सगळं कुणीही करा, नटाचा आठकोनी पाना बाबांचा.

पण गेल्या काही महिन्यांपासून बाबांच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. चहाचा कप हातातून पडला, दोनदा. डॉक्टर म्हणाले नस दबलीय, वय झालंय. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. आणि मग एका रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पाना एकाच्या हातात द्यायचाय."

"एकाच्याच का?" धाकटी म्हणाली. "दोघं आहेत ना."

"दोघांनी आवळलेल्या नटाला बाप नसतो," बाबा म्हणाले, आणि पाणी प्यायले, विषय संपला.

विषय संपला म्हणे! थोरलीचा तर तिथेच सुरू झाला.

आणि शनिवारी आला तो ट्रक. मागची दोन्ही चाकं गळतायत. ड्रायव्हर म्हणजे एक जाडजूड काका, कायम तोंडात लवंग. बाबांनी ट्रक उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला, टायरवाल्याने टायर उतरवून नेले, आणि बाबा म्हणाले, "उजवं थोरलीचं. डावं पाहुण्यांचं. नटासकट."

"नटासकट?" दोघांच्या तोंडून एकदम.

"आकडा मला सांगू नका. डायल लावा, तुमचं तुम्ही बघा. सोमवारी ट्रक चक्कर मारून आला की मी बघीन. मग ठरवीन."

म्हणजे ही परीक्षा होती. आणि परीक्षेच्या पहिल्या तासालाच तो 'वा'.

थोरलीने तोंडावरचं रॉकेल पुसलं, आणि दात आवळून कामाला लागली. सील बसवलं, हब चढवला. एका हाताने हब फिरवायचा आणि दुसऱ्याने नट आवळायचा, म्हणजे बेअरिंगचे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सोडायचा. मग परत हलक्या हाताने आवळायचा, मग थोडासा मागे. किती मागे? तीच तर गोम. तिने डायल लावला, हब आत-बाहेर ढकलला. नऊ रेघा. बाराच्या आत. पास. ती खूश झाली, आणि खुशी टिकली साधारण पाच सेकंद, कारण मान वळवून बघते तर पाहुणा डायल पुसून डबीत ठेवतोय.

"झालं पण?" तिने विचारलं.

"झालं ताई."

"किती आले?"

"आहेत, बसतायत आत."

"आत म्हणजे किती?"

"मामा म्हणाले ना, आकडा सांगायचा नाही." आणि हसला. वाईट नव्हता हसला हो, साधाच हसला. पण थोरलीला ते असं झोंबलं! बाबा स्वतःला सांगू नका म्हणाले होते, मला सांगू नका असं कुठे म्हणाले? म्हणजे आकडा लपवतोय. म्हणजे एक तर फार चांगला आहे, नाही तर फार वाईट. चांगला असेल तर मी मेले. वाईट असेल तर... आणि इथे तिच्या मनात एक बारीकसा दिवा लागला.

घर गॅरेजच्या वरच. संध्याकाळी भांडी आवरताना धाकटी सहज म्हणाली, "ताई, हे आज जेवलेच नाहीत नीट. मनाला लावून बसलेत. म्हणतात, सील तिरकं तर नसेल ना बसलं."

थोरलीचे कान सशाच्या कानांसारखे उभे. "तिरकं? असं म्हणाले?"

"अगं त्यांचं नेहमीचंच. कुलूप लावून चार वेळा ओढून बघणारा माणूस."

पण पुढचं थोरलीने ऐकलंच नाही. तिरकं! सील तिरकं बसलं तर डायलवर दिसत नाही, बाहेरून दिसत नाही, आठ दिवसांनी गळायला लागतं. तीन ठोक्यांत ठोकलं ना, मग तिरकंच असणार! आणि बाबा 'वा' म्हणाले त्या तिरक्या सीलला! रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि स्वतःला समजावत राहिली की आपल्याला काळजी आहे ती ट्रकची, लवंगवाल्या काकांची, रस्त्यावरच्या माणसांची. असं आपण किती चांगले, याचा विचार करत करत तिला पहाटे झोप लागली.

रविवारी गॅरेज बंद. सगळे निघाले पाहुण्याच्या आईला भेटायला. थोरली म्हणाली, डोकं दुखतंय, अंगात कणकण आहे, तुम्ही जा. धाकटीने कपाळाला हात लावून बघितला, बाम दिला. जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले, आणि बाई बाम तसाच टाकून खाली. शटर अर्धं वर. टायर सोमवारी चढणार होते, म्हणून डावा हब उघडाच होता, जणू तिचीच वाट बघत.

तिने शाफ्टचे बोल्ट खोलले, शाफ्ट ओढून काढला, नट समोर आला. हात लावला नाही. आधी डायल. हब ढकलला, ओढला. काटा हलला.

पाच.

परत केलं. पाच. हब अर्धा फिरवून परत. पाच! हट्टी मुलासारखा काटा तिथेच येऊन उभा.

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने काय करावं? शाफ्ट परत घालावा, बोल्ट आवळावेत, वर जाऊन बाम लावून झोपावं. आकडा कळला ना? पाच म्हणजे उत्तम. पण मत्सराने बघायला निघालेल्या माणसाला 'उत्तम' बघून परत येता येतं का? ती तिथे खोक्यावर बसली आणि म्हणाली, मोठ्याने, रिकाम्या गॅरेजात, "सील तिरकं असणार."

आणि तिने नट काढला. आणि हब ओढला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी थोरलीला पक्की माहीत होती. या ट्रकची सीलं असतात ती एकदाच बसतात. हब अ‍ॅक्सलवरून ओढला की सीलचा आतला भाग अ‍ॅक्सलवर राहतो, बाहेरचा हबमध्ये, आणि सील मेलं. परत वापरायचं नाही, कितीही नवं असलं तरी. हे तिने स्वतः पाहुण्याला शिकवलं होतं, पहिल्या आठवड्यात, चांगलं दरडावून. "एकदा ओढलं की गेलं! लक्षात ठेवा पाहुणे!" आणि आज बाई स्वतः ओढून बसल्या.

बरं, ओढलं ते ओढलं, तिरकं तरी निघावं ना! तिने बॅटरी लावून बघितलं. पट्टी लावून बघितलं. बोट फिरवलं सगळीकडून. डबीला झाकण बसावं तसं बसलेलं, कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. तिने त्या मेलेल्या सीलकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटं, पूर्ण दोन मिनिटं, तिच्या डोक्यात एक घाणेरडा विचार येऊन बसला. हेच सील असंच परत चढवलं तर? सोमवारी काही कळणार नाही. आठ दिवसांनी गळेल. काका लवंग चघळत परत येतील, "पाहुण्याचं चाक गळतंय हो मिस्त्री!" बाबा पाहुण्याकडे बघतील. पाना... पाना मग कुणाकडे येईल? चित्र इतकं छान दिसत होतं की तिने हब अर्धा उचललासुद्धा.

पण तेल काही पाहुण्याच्या अंगावर गळणार नव्हतं. गळणार होतं ब्रेकवर. आणि तो ब्रेक काका कुठल्या उतारावर दाबतील, काय ठाऊक. थोरली कितीही जळत असली तरी बारा वर्षं तिने ब्रेकवरचं तेल पुसलं होतं. ते तिच्या हातून होईना. तिने हब खाली ठेवला, स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, आणि कपाटातून नवं सील काढलं.

सील ठोकलं. किती ठोके? तुम्हाला वाटेल तिला भान नसेल. चांगलं होतं. तिने मोजले. चार. चौथा मारला आणि स्वतःवरच चिडली.

मग नट. आणि इथे जे झालं ते असं की काम नीट करून निघायचं सोडून बाईच्या डोक्यात एकच, पाच. त्याचे पाच. पाचपेक्षा चांगलं. हब फिरव, आवळ, सोड, परत आवळ, मागे घे. सात. परत. सहा. घाम गळतोय, घड्याळ पळतंय, जिन्यावर कुणाचे पाय वाजतील नेम नाही. परत. सहा. तिने पाना खाली ठेवला, डोळे मिटले, हब नुसता हाताने फिरवला, रोलर आत कसे पळतायत ते तळव्याने ऐकलं, आणि डोळे मिटूनच नट आवळला. डायल लावला.

चार!

बारा वर्षांत असा नट तिने आवळला नव्हता. एकटीच नाचली ती, अक्षरशः, रिकाम्या गॅरेजात, तेलाच्या हातांनी. मग शाफ्ट घातला, तेल झिरपू नये म्हणून कडेला पेस्ट लावली, बोल्ट आवळले, तेल भरलं, मेलेलं सील कचऱ्यात अगदी खाली दाबलं, आणि वर जाऊन बाम लावून पडली. सगळे आले तेव्हा धाकटी म्हणाली, "अगं, तुला घाम फुटलाय! ताप उतरला वाटतं." थोरली म्हणाली, "हो, उतरला."

कसला उतरतोय!

सोमवारी सकाळी टायरवाल्याने टायर चढवले. काका आले. या गॅरेजात रीत अशी की ज्याने चाक बांधलं त्याने पहिल्या चकरेला ड्रायव्हरजवळ बसायचं. म्हणजे आपल्या कामावर आपला जीव ठेवायचा. म्हणून थोरली आणि पाहुणा दोघंही केबिनमध्ये, काकांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून.

"काय हो, आज दोन-दोन मिस्त्री?" काका म्हणाले. "ट्रक चालतोय की वरात निघालीय?"

"परीक्षा आहे काका," पाहुणा म्हणाला.

"मग पास कोण होणार?"

"ताई," पाहुणा म्हणाला.

थोरली खिडकीतून बाहेर बघायला लागली. असं का बोलतो हा माणूस? टोमणा मारला असता तर तिलाही मारता आला असता. आणि वरून तो बसलाय ते डाव्या बाजूला, कान देऊन 'आपल्या' चाकाचा आवाज ऐकतोय! ते चाक तुझं नाही रे बाबा, ते माझं आहे, दोन्ही माझी आहेत, मी आज माझ्याशीच लढतेय! हे तिच्या जिभेवर येऊन परत गेलं, पाच-सहा वेळा.

काकांनी मोठी चक्कर मारली, चढ घेतला, उतार घेतला, कचकचून ब्रेक दाबून बघितले. "मस्त!" म्हणाले आणि ट्रक परत आणला.

बाबा तयारच होते. दोन्ही हबना डाव्या हाताची पालथी मूठ लावली. दोन्ही सारखे, कोमट. मग एकेक बाजू जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं, आणि एक लांब सळई हबला टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावलं. बोटं बधिर झाली होती, कान नव्हते झाले. उजवं चाक ऐकलं. बराच वेळ.

"ठीक," म्हणाले.

डावं फिरवलं. सळई लावली. डोळे मिटले. काकांनी लवंग चघळणं थांबवलं. बाबांनी चाक परत एकदा फिरवलं, परत ऐकलं, आणि म्हातारा हसला हो! खरंच हसला!

"वा," म्हणाले. "वा, पाहुणे. असं चाक मी पण बांधलं नव्हतं कधी."

कसं झालं असेल तिला, विचार करा! बारा वर्षं ज्या शब्दासाठी झुरली तो शब्द आला, तिच्याच कामाला आला, आणि तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडावं तर चोरी उघडी, गप्प बसावं तर पाना गेला. काकांनी पाहुण्याच्या पाठीत थाप मारली. समोरून वेल्डर ओरडला, "काय पाहुणे, पेढे कधी?" आणि थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं ते तिने रॉकेलच्या नावावर खपवलं.

पण पाहुणा वाकून चाकाच्या मधोमध बघत होता. मग गुडघ्यावर बसला. शाफ्टच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मामा," तो म्हणाला, "हे चाक माझं नाही."

"म्हणजे?"

"मी पेस्ट लावली की जास्तीची बोटाने पुसून घेतो. ही बघा, सगळीकडून बाहेर आलीय, एकसारखी. अशी..." आणि तो थांबला. अशी पेस्ट त्या गॅरेजात एकच माणूस लावायचा. त्याने मान वर करून थोरलीकडे बघितलं नाही, हे विशेष. पण बाबांनी बघितलं.

"थोरले?"

आता यात तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल? पकडली गेल्याचा? छे! याचा, की हा माणूस प्रामाणिकसुद्धा निघाला! आयतं मिळालेलं कौतुक घ्यायचं सोडून परत करतोय! एवढं चांगलं असायची काही गरज होती का?

"मी उघडलं होतं," ती म्हणाली. "काल."

"कशाला?"

ती काही बोलणार तेवढ्यात पाहुणाच मध्ये पडला. "सील तिरकं असेल मामा. मला शंकाच होती. ताईंनी बघितलं असेल म्हणून..."

घ्या! तोच दार उघडून देत होता. फक्त "हो" म्हणायचं. हो, तिरकं होतं, म्हणून बदललं. एका 'हो'त चोरी धुऊन निघत होती, चाक तिचं होत होतं, 'वा' तिचा होत होता, पाना तिचा होत होता. जुनं सील तर कचऱ्यात. कुणाला कळणार होतं? आणि पाहुण्याचा तर विश्वासच बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आपलं चुकलं असं त्याने मान्यसुद्धा करून टाकलं होतं. पुढची दहा वर्षं तो प्रत्येक सील ठोकताना हात आखडणार होता.

थोरलीने तोंड उघडलं. 'हो' म्हणायलाच उघडलं होतं. पण बाकी कशाबद्दलही खोटं बोलली असती ती, डोकेदुखीबद्दल बोललीच होती, पण सीलबद्दल आणि बेअरिंगबद्दल खोटं बोलायला तिची जीभच वळेना. कधी बोललीच नव्हती ना, सवय नव्हती.

"सरळ होतं," ती म्हणाली. "कणभर तिरकं नव्हतं. आणि नटाला पाच रेघा होत्या."

"पाच दिसल्यावरही हब ओढलास?" बाबांनी विचारलं. अगदी हळू आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हो."

"का?"

"कारण तुम्ही त्याला 'वा' म्हणालात!"

वेल्डरने तिकडे मशीन बंद केलं. काका भलतीकडेच बघू लागले. थोरली आता बोलायला लागली ती थांबेचना. "बारा वर्षं बाबा! बारा वर्षं मी 'ठीक' न् 'चालेल'! आणि हा येतो काय, तीन ठोके मारतो काय! मला वाटलं तिरकं निघेल. निघावं असं वाटत होतं. नाही निघालं. सील मेलं माझ्यामुळे. मग मी नवं घातलं आणि नट आवळला. चार आले."

"चार?" पाहुणा म्हणाला.

"चार," ती म्हणाली, आणि नाक पुसलं.

बाबा खोक्यावर बसले. बधिर हात चोळत म्हणाले, "तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे. माझ्यापेक्षाही असेल. हे मी आधी म्हणायला पाहिजे होतं, नाही म्हणालो, ते माझं चुकलं." थोरलीला वाटलं आपण ऐकतोय ते खरं नाही. "पण पाना मी पाहुण्यांना देणार."

"बाबा!"

"नट आवळणं म्हणजे काय ग? कुठे थांबायचं ते कळणं. तुला पाच दिसले. तू थांबली नाहीस. माझ्यावर रागावलीस म्हणून एका नव्या चाकाचा हब ओढलास. उद्या परत रागावशील, परवा त्याच्यावर, तेरवा कुणा ड्रायव्हरवर. तोवर नाही. राग कमी झाला की माग, मी देईन."

"आणि नाही झाला तर?"

"तर नाही," बाबा म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. काकांनी किल्ली घेतली, ट्रक सुरू केला, आणि जाताना खिडकीतून म्हणाले, "ताई, चाक झकास आहे हं. दोन्ही." आणि गेले.

राहिले दोघं. आठकोनी पाना बाकावर पडलेला. पाहुण्याने तो उचलला नाही, नुसता बघत उभा. थोरली मनात म्हणाली, आता हा म्हणेल, "ताई, तुम्हीच घ्या," आणि मग मात्र मी हा पाना याच्या डोक्यात घालीन.

तो तसं म्हणाला नाही.

"चार कसे आणलेत?" तो म्हणाला.

थोरलीने मान वळवून बघितलं. आवाज वेगळा होता. त्यातलं ते "ताई, तुम्ही बघा ना" वालं गोड काहीतरी गेलं होतं. कपाळाला आठी, जबडा घट्ट, डोळे बारीक.

"मला पाचच्या खाली येतच नाहीत," तो म्हणाला. "डेपोत होतो तेव्हापासून. आठ वर्षं करतोय प्रयत्न. शनिवारी तीन वेळा काढून घातला मी नट. पाच म्हणजे पाच. आणि तुम्ही चोरून, घाईत, तेही रागात..." त्याने हातातलं फडकं बाकावर आपटलं. दीड वर्षात त्याने एक वस्तू आपटलेली कुणी पाहिली नव्हती.

आणि थोरली बघतच राहिली. अगं बाई! हा जळतोय! पाना याच्याकडे, 'वा' याच्याकडे, आणि हा उभा राहून माझ्या चार रेघांवर जळतोय! तो चेहरा तिला इतका ओळखीचा वाटला की विचारू नका, गेलं दीड वर्ष ती तोच आरशात बघत होती. पाना गेल्याचं दुःख होतंच, छातीत दगडासारखं होतं, ते काही हललं नाही. पण दगडाच्या शेजारी एकदम गार वारा सुटल्यासारखं झालं.

"सांगा ना, कसे आणलेत," पाहुणा म्हणाला. आता जवळजवळ दरडावून.

थोरलीने सावकाश हात पुसले. एक बोट, मग दुसरं बोट, मग तिसरं.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली. "दोन दिवस धड जेवले नाहीये. आधी जेवते, मग बघू."

आणि जिना चढून गेली, दोन-दोन पायऱ्या एकदम.